अर्धीच कांडलेली चटणी

मॅट्रिकच्या परीक्षेच्या तोंडावर मला ताप आला आणि तो उतरता उतरेना. परीक्षा तशीच गेली. अंथरुणातून उठलो तेव्हा पायांत इतका जीव नव्हता की माझी धाकटी बहीण बोट पुढं करून म्हणायची, "धर दादा, मी चालवते तुला." ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. मी खरंच तिचं बोट धरून अंगणात फिरलो आहे.

आमचं गाव गारगोटीच्या पलीकडं, नदीकाठचं. भात आणि नाचणी पिकवणारं घर. माझ्याआधी घरात कुणी गावची शाळा ओलांडली नव्हती. वडील तर सहीच्या जागी अंगठा करत. पुढच्या वर्षी मी पास झालो आणि महाराजांच्या कृपेनं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या कोल्हापुरातल्या एका बोर्डिंगात मला जागा मिळाली. गावाला आनंद झाला. वडिलांना आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटत असावी. निघायच्या दिवशी ते गाडीजवळ उभे राहून म्हणाले,

"शीक. किती शिकायचं तेवढं शीक. पर अंगानं धड ऱ्हा. पुन्यांदा हातरूण धरलंस तर न्याला येतो बघ. मग कालेज न्हाय का फिलेज न्हाय."

हे ते रागानं बोलले नाहीत. ज्याचा मुलगा हातचा जाता जाता वाचला होता, त्या माणसाचं ते बोलणं होतं. पण माझ्या मनात ते अटीसारखं बसलं. आजारी पडलो की कॉलेज संपलं. पुढं मी जे काही केलं ते या एका भीतीपोटी केलं, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिले काही महिने मी इतरांसारखाच जेवलो. बोर्डिंगातली पंगत म्हणजे एक दंगाच असे. जोंधळ्याची भाकरी, आमटी, भात, रविवारी मटण. रविवारी पोरं पैजा लावून रस्सा पीत आणि दुपारभर आडवी होत. दसऱ्याच्या सुमारास अशाच एका रविवारनंतर माझं पोट बिघडलं. एरवी कुणी लक्षही दिलं नसतं. मी मात्र कपाळाला हात लावून दिवसभर ताप बघत बसलो.

त्यानंतर कॉलेजच्या ग्रंथालयात मला एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. एका परदेशी गृहस्थानं आरोग्यावर लिहिलेलं होतं. माझं इंग्रजी कच्चं. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक पान फोडत गेलो. आता वाटतं, इतक्या कष्टानं कळलेली गोष्ट चुकीची असू शकेल हे मनाला पटतच नाही. तेच पुस्तक मराठीत असतं तर कदाचित मी त्याच्याशी थोडं भांडलो असतो.

पुस्तकात म्हटलं होतं की घास तोंडात पाण्यासारखा पातळ होईपर्यंत चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, बोलू नये. मिरची, तेल, मसाला हे पोटाचे शत्रू. दिवे लागल्यावर खाऊ नये. एका जेवणात एकच धान्य, म्हणजे भात घेतला तर भाकरी नको. मी हे सगळं पाळू लागलो. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला बरंच वाटलं. पोट हलकं राही, दुपारची झोप गेली, अभ्यास होई. पंगतीत मात्र मी पोरांची करमणूक झालो.

"काय म्हाराज, झाला का रवंथ?"

"आरं त्येला उठवू नका, त्यो अजून कालचाच घास चावतोय!"

मी उत्तर देत नसे. बोलायचं नाही हा नियमच होता.

कॉलेजात माझा एक जवळचा मित्र होता. त्याचं मुसलमान घराणं शहरात कैक पिढ्यांचं, वडील शिंपीकाम करायचे. तोही त्याच्या घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. बाकीची पोरं चेष्टा करून विसरून जायची. हा बघत राहायचा. एकदा म्हणाला, "मर्दा, तू जेवतोस का जेवणाचा अभ्यास करतोस?" मी हसलो. मला ते कौतुकच वाटलं.

उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा चटणी कांडायचे दिवस होते. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. मिरच्या वाळवून, भाजून, त्यात खोबरं, धने, लसूण, कांदा घालून बायका उखळात कांडतात आणि ती बरणीत दाबून भरली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घराचं जेवण तिच्यावर चालतं. गल्लीभर शिंका चालल्या होत्या. आई आणि शेजारची वहिनी आळीपाळीनं मुसळ मारत होत्या. मी ओट्यावर बसून म्हणालो,

"आई, मिरची चांगली नाही. पोटाची आतली कातडी जळते तिनं."

आईचं मुसळ वरच्या वर थांबलं. "कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"कंच्या पुस्तकात?"

"इंग्रजी आहे."

"इंग्रजीत लिवलंय व्हय!" आई म्हणाली, आणि तिनं शेजारी ठेवलेल्या मिरच्यांकडं असं पाहिलं की जणू त्यांनी इतकी वर्षं तिला फसवलं होतं. उरलेल्या अर्ध्या मिरच्या तिनं परत पोत्यात भरल्या.

वहिनी म्हणाली, "अगं बया, येवढ्या चटणीत गणपती तरी निघतील का?"

"न्हाय निघंनात. माझं पोरगं शिकल्यालं हाय, त्ये काय उगंच सांगंल?"

त्या वेळी मला अभिमान वाटला. आमच्या घरात माझ्या शब्दाला कुणी इतकं वजन दिलं नव्हतं. सुट्टीभर मी बाकीचे नियमही सांगितले. बहिणीनं ते कवितेसारखे पाठ केले आणि जेवायला बसलं की ती पहारा करू लागली. "आबा, पानी न्हाय प्यायाचं जेवताना!" वडील उचललेला तांब्या निमूट खाली ठेवायचे.

माझं जेवण सुट्टीआधीच आक्रसू लागलं होतं, परत आल्यावर ते झपाट्यानं आक्रसत गेलं. ते नेमकं कसं झालं हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. आधी मटण सुटलं, मग तेलाची फोडणी. मग आमटी सुटली, कारण तिच्यात काय घातलंय याची खात्री नसे. ताक घेतलं तर थंडी बाधेल असं वाटे. पुस्तकात यातलं सगळंच नव्हतं. पुस्तक थांबलं तिथून पुढं मी नियम करत गेलो. कोट खांद्यावरून सैल झाला. वाचताना अक्षरं हलत. दर वेळी मला एकच वाटे, नियम पाळण्यात कुठंतरी कसर राहिली.

त्याच दिवसांत मित्रानं मला घरी जेवायला नेलं. त्या काळी त्यांच्या घरी जेवायचं म्हटलं तर आमच्यातली काही माणसं बाटण्याच्या भयानं नाक मुरडत. ते भय मी कॉलेजात येऊन सोडलं होतं. त्याच्या आईनं माझ्यासाठी वेगळी मुगाची खिचडी केली होती, बिनतिखटाची, कारण मुलानं तिला सांगून ठेवलं होतं. तिनं ताट पुढं ठेवलं आणि समोर बसली. मी विचारलं, "तूप किती घातलंय?" ती म्हणाली, "आईच्या हातानं घातलंय लेकरा, मापानं कुठलं." मी चार घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणालो.

परतताना मित्र बोर्डिंगाच्या दारापर्यंत सोबत आला. मग म्हणाला, "आमच्या हातचं न्हाय खायाचं म्हननारे लई बघितले. त्येंच्यापाशी निदान कारण तरी असतंय. तुझं काय कारण?"

"मला आजारी पडायचं नाही रे. आजारी पडलो तर घरी न्यायला येतील."

"आरशात बघितलास का कवा?"

एक भय सोडून मी त्याच्या जागी दुसरं धरलं होतं, हे मला त्या वेळी कळलं असं म्हणणार नाही. फक्त त्याच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

आषाढात बेंदराला घरी गेलो. बेंदूर हा आमच्याकडं बैलांचा सण. व्यापाऱ्याच्या गाडीतून गारगोटीपर्यंत गेलो आणि पुढं चालत. आई दारातच होती. तिनं मला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "वाळलास की रं." आणि लगेच, जणू दुसऱ्या कुणाची चौकशी करावी तशी, "त्ये पुस्तकापरमानंच चाललंय न्हवं?"

"हो."

"मग बरं," ती म्हणाली. पण तिला बरं वाटलेलं दिसलं नाही.

दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो. आमटी पिवळी, पाण्यासारखी. आमच्या घरातलं जेवण म्हणजे पूर्वी आरडाओरडा असे. वडील शिवारातल्या गमती सांगत, आई चुलीपासून ओरडून त्यांना उत्तर देई, बहीण मध्ये मध्ये तोंड घाली. आता तिघंही मान खाली घालून चावत होती. बाहेर पाऊस आणि आत फक्त चावण्याचा आवाज. वडिलांनी भाकरीचा घास तोंडात ठेवला आणि ते कितीतरी वेळ तो फिरवत राहिले, नको असलेलं औषध फिरवावं तसं. माझं ऐकून माझी माणसं अशी बसली होती. मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की बोलावंसं वाटलं, पण बोलायचं नाही हे मीच सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी खांदेमळणी होती. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तेल चोळतात. वडील आधीच गोठ्यात गेले होते. मदत करावी म्हणून मी मागून गेलो. आत पाऊल टाकलं तर वडील गव्हाणीच्या आडोशाला दाराकडं पाठ करून बसलेले. शेजारी बहीण.

"आबा?"

वडिलांचा हात झटकन वैरणीखाली गेला. "कोन? तू हाईस व्हय. काय न्हाय, बैलास्नी वैरण घालत हुतो."

बहिणीचे ओठ लालभडक झाले होते आणि ती नाक ओढत होती. माझ्याकडं बघून ती घाबरून म्हणाली, "दादा, मी येकच घास खाल्ला. चावून खाल्ला."

वडिलांनी वैरणीखालून भाकरी बाहेर काढली. तिच्यावर चटणी, चटणीवर तेल, आणि बाजूला बुक्कीनं फोडलेला कांदा. ते ओशाळे हसले.

"तुझ्या आईला सांगू नगंस. शेजारच्या वहिनीकडनं आनतोय पळीभर. आपली कवाच सरली. भर पावसात भाताच्या चिखलनीला दिवसभर उभा ऱ्हायाचं, आनी घरी आलं की त्ये पिवळं पानी. जीव नगं म्हनतोय रं."

"मग आईला सांगायचं होतं."

"काय सांगू? तू सांगितल्यालं खोटं हाय म्हनू? ती गावभर सांगत फिरतिया, आमच्यात आता पुस्तकापरमानं जेवत्यात म्हनून." वडिलांनी भाकरी बाजूला ठेवली. मग त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या अंगठ्यानं आणि बोटानं त्याला वेढा घातला तरी बोट अंगठ्यावर चढलं. "मला त्यातलं काय कळत न्हाय. तुझं पुस्तक खरं बी असंल. पर माझं पोरगं वाळलंय ह्ये मला दिसतंय. बेंदूर झाला की हितंच ऱ्हा तू."

"आबा, मी आजारी नाही."

"गेल्या टायमाला बी तू असंच म्हनत हुतास."

जे टाळायला मी एवढं केलं तेच आता वडिलांच्या तोंडून ऐकत होतो. पुरावा माझ्या मनगटावर होता. मी खाली बसलो. वडिलांनी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं केली. ती काही परीक्षा नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला द्यायची म्हणून दिली.

तिखट, तेल, कच्चा कांदा, आणि दिवेलागण झालेली. किती नियम मोडतील ते मी आधी मोजलं, हे सांगायला मला अजून लाज वाटते. मी घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. वडील त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं हसले. "चाव, चाव. पुस्तकापरमानं चाव."

तेवढ्यात हळदीची वाटी घेऊन आई दारात उभी राहिली. तिनं तिघांची तोंडं पाहिली.

"ह्ये काय चाललंय?"

बहिणीनं घाईनं ओठ पुसले.

"आनी तू बी?" ती मला म्हणाली.

"आई, थोडी चटणी खाल्ली तर चालते."

"पुस्तकात हाय तसं?"

"नाही. मी सांगतोय."

आई उंबऱ्यावर बसली. आता ती चिडणार की रडणार ते मला कळेना. ती म्हणाली, "म्हंजे ह्या मानसानं हितं चोरून चटणी खायाची, आनी मी तितं आळणी आमटी गिळायची. मला तिघांनी मिळून खुळ्यात काढलं."

"तुला बी चटणी लागत हुती व्हय?" वडिलांनी विचारलं.

"न्हाय तर! देवळात जाते म्हनून रोज वहिनीच्या चुलीपाशी बसून खाऊन येत हुते."

वडील तिच्याकडं बघतच राहिले. "त्या बाईनं दोघास्नी बी दिली आनी तोंडातनं शब्द काढला न्हाय!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. बैलसुद्धा माना वळवून बघू लागले.

सकाळी माझं पोट थोडं दुखलं. मी अंथरुणात पडून कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ही गोष्ट वाचायला लहान वाटेल. मला तेव्हा फार मोठी वाटली.

बेंदराच्या दिवशी बैलांच्या शिंगांत कडबोळी अडकवली, त्यांना मिरवलं, पुरणपोळ्या झाल्या. मी दीड पोळी खाल्ली आणि थांबलो. आईनं आणखी अर्धी टाकायला हात पुढं केला तेव्हा नको म्हणालो, आणि तिनं जबरदस्ती केली नाही. त्या थांबण्यात भय नव्हतं, पोट भरलं होतं. भय आणि पोट भरणं यांतला फरक मला किती दिवसांनी कळत होता! पण वडिलांनी ठरवलेलं बदललं नव्हतं. माझं जाणं निघालं तेव्हा ते आईला म्हणाले,

"मी गाडी घिऊन संगं जातो. तितं कसा जेवतोय बघतो. मनाला पटलं तर ठेवीन, न्हाय तर माघारी आनीन."

वाटेत आम्ही दोन ठिकाणी थांबलो. वडील भाकरीची शिदोरी सोडायचे आणि दुसरीकडं बघत खायचे, पण त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं असायचं. मला ते ओझं वाटलं आणि बरंही वाटलं. कधी घास सहज जाई. कधी मध्येच आत कुणीतरी म्हणे, हे नको. मग मी थोडा थांबे आणि पुन्हा घेई. चावून खाणं मी सोडलं नाही, ते चांगलंच आहे. मोजत, घाबरत चावणं सोडायचं होतं, आणि ते एका बेंदरात सुटणारं नव्हतं, हे मला दिसत होतं.

बोर्डिंगात पोरांनी वडिलांना मध्ये बसवलं. "पावणं, वाढून घ्या की! लाजताय काय?" वडिलांना ती पंगत आवडली असावी. त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं,

"ह्यो कसा जेवतोय हितं?"

मुलगा भाबडा होता. म्हणाला, "कुठला जेवतोय, पावणं! नुसता बसतोय की."

वडील माझ्याकडं वळले. त्यानं सांगितलेलं खरं होतं, नाही म्हणून उपयोग नव्हता. मी म्हणालो, "तो सांगतोय ते खरं आहे, आबा. आता जेवीन." आणि वाढपी पुढं आला तेव्हा भात घेतला, भाकरीही घेतली, आमटी घेतली.

वडिलांनी भाकरी आमटीत कुस्करली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हितं शिकवत्यात तरी काय तुमास्नी?" मी सांगू लागलो. इतिहासाच्या तासाला काय चाललंय ते सांगितलं. कुठल्यातरी परदेशी राजाचं सैन्य उपाशी राहून कसं हरलं ते ऐकून वडील म्हणाले, "मग! पोटाला नसल्यावर लढतंय कोन?" पोरं हसली. मी पुढं सांगत राहिलो. ताट कधी रिकामं झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही. वडिलांच्या आलं. ते माझ्या ताटाकडं एकदा बघून उठले.

हात धुऊन ते सरळ गाडीकडं गेले आणि बैल जुंपू लागले. मी मागोमाग धावलो. काय ठरवलं ते विचारायचं धैर्य होईना. शेवटी म्हणालो, "आबा, मग मी?"

"तू काय?" त्यांनी जुवाची दोरी आवळत विचारलं. "तास हाय न्हवं तुझा आता?"

"आहे."

"मग हितं काय हुबा ऱ्हायलाईस? पळ की."

मी पळालो. घाईत हात धड धुतले नव्हते. तासाला बसून पुस्तक उघडलं तेव्हा बोटांना आमटीचा वास येत होता.